जपानी पारंपरिक रंगभूमीला कंपन्यांचं पाठबळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमध्ये नोकरी-धंदा करणारी मराठी माणसं, जपानी कंपन्यांच्या भारतातल्या कचेऱ्यांत काम करणारे आणि नाटकाचे अभ्यासक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रकमा येनमध्ये आहेत आणि करांचे नियम जपानचे आहेत. हे नियम बदलत राहतात, म्हणून सही करण्याआधी 'झेइरिशी'ला, म्हणजे तिथल्या कर सल्लागाराला, आकडे दाखवून घ्या.

१. जपानची पारंपरिक रंगभूमी म्हणजे फक्त काबुकी का?

नाही. नो, क्योगेन, काबुकी आणि बुनराकू ही चार मोठी नावं. नो हे मुखवटे घालून संथ लयीत चालणारं गायन-नृत्य-नाट्य. कान्आमी आणि झेआमी या बापलेकांनी चौदाव्या-पंधराव्या शतकांत त्याला आकार दिला. क्योगेन ही त्याच मंचावरची विनोदी नाटुकली. काबुकी हे एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) शहरी गर्दीचं नाटक. बुनराकू म्हणजे ओसाकाचा बाहुल्यांचा खेळ: गाऊन कथा सांगणारा निवेदक, शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणारा वादक आणि एका मोठ्या बाहुलीमागे तीन माणसं. युनेस्कोने २००१ मध्ये नोचा गौरव केला (केरळचं कुडियाट्टमही त्याच यादीत होतं), २००३ मध्ये बुनराकूचा आणि २००५ मध्ये काबुकीचा.

पाठबळाच्या दृष्टीने पाचवं नाव सगळ्यांत महत्त्वाचं: जिशिबाई, म्हणजे गावकऱ्यांनी स्वतः उभं केलेलं काबुकी. गिफू, नागानो, फुकुशिमा या प्रांतांत शेतकरी, दुकानदार आणि शाळकरी मुलं वर्षातून एकदा-दोनदा रंग लावून उभी राहतात. नागानोच्या ओशिका गावात हे १७६७ पासून चालू आहे. कोकणातल्या माणसाला दशावतार आठवेल. फरक इतकाच, की दशावतारी नट संवाद उभ्या उभ्या रचतो, तर जिशिबाईत काबुकीची ठरलेली संहिता पाठ करावी लागते.

२. इतका वारसा आहे तर सरकार पैसे देत नाही का?

देतं, पण सगळ्यांना नाही आणि पुरेसे नाही. राष्ट्रीय नाट्यगृह १९६६ मध्ये, नोसाठीचं १९८३ मध्ये आणि ओसाकाचं बुनराकू नाट्यगृह १९८४ मध्ये उघडलं. ज्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' मानलं जातं त्या कलाकारांना वर्षाला २० लाख येन मिळतात. टोकियोचं राष्ट्रीय नाट्यगृह मात्र पुनर्बांधणीसाठी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झालं आणि निविदाच जमेनात, म्हणून काम रखडलं.

मोठं काबुकी हा मुळात धंदा आहे. १८९५ पासूनची शोचिकू ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी गिंझातलं काबुकी-झा चालवते आणि तिकीटविक्रीवर जगते. बुनराकूही १९०९ पासून शोचिकूकडेच होतं. तोटा परवडेना म्हणून १९६३ मध्ये कंपनीने ते सोडलं आणि केंद्र सरकार, ओसाका प्रांत, ओसाका शहर व एनएचके ही सार्वजनिक प्रसारण संस्था यांच्या आधाराने बुनराकू संघ उभा राहिला. २०१२ मध्ये ओसाका शहराने आपलं अनुदान ५ कोटी २० लाखांवरून ३ कोटी ९० लाख येनवर आणलं आणि पुढे ते प्रेक्षकसंख्येशी जोडलं. एकाच खांबावर तंबू उभा असला की काय होतं ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

३. 'मेसेना' हा शब्द सारखा येतो. तो काय आहे?

रोमन आश्रयदाता मेसेनास याच्या नावावरून फ्रेंचमध्ये आणि तिथून जपानीत आलेला शब्द: कंपनीने कलेला दिलेलं पाठबळ. १९९० मध्ये कंपन्यांनी मिळून 'किग्यो मेसेना क्योगिकाई' ही परिषद काढली. लगेच जपानचा आर्थिक फुगा फुटला, तरी ती टिकली. मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर तिने काढलेल्या निधीतून किनाऱ्यावरच्या गावांचे उत्सव आणि लोककला पुन्हा उभ्या करायला मदत झाली. अनेक कंपन्यांची स्वतःची प्रतिष्ठानंही आहेत. पोला या सौंदर्यप्रसाधन कंपनीचं पारंपरिक संस्कृती प्रतिष्ठान आणि सुंतोरी या पेयकंपनीचा स्थानिक संस्कृती पुरस्कार, दोन्ही १९७९ पासून. लोककलेचे वारसदार घडवण्यासाठी मेइजी यासुदा या विमा कंपनीचं प्रतिष्ठान अर्ज मागवतं. अर्ज कलासंस्थेने करायचा असतो. तुमची कंपनी गावातल्या संस्थेला तो अर्ज भरायला मदत करू शकते, आणि ही मदत बिनखर्चाची असूनही फार मोलाची ठरते.

४. जाहिरातपत्रकाच्या तळाशी शुसाई, क्योसान, कोएन, क्योर्योकू अशी रांग असते. कोण काय देतं?

शुसाई हा आयोजक. तोटा झाला तर त्याचा. क्योसान म्हणजे पैसे किंवा माल देणारा प्रायोजक. मोठी रक्कम असेल तर 'तोकुबेत्सू क्योसान', विशेष प्रायोजक. क्योर्योकू म्हणजे जागा, वाहन, माणसं अशी मदत करणारा. जोसेई म्हणजे अनुदान देणारं प्रतिष्ठान किंवा सरकारी निधी. कोएन म्हणजे फक्त नाव वापरायची परवानगी; नगरपालिका, दूतावास, वृत्तपत्रं ती देतात आणि त्यात सहसा एक येनही नसतो.

नेहमीची चूक कोएनच्या बाबतीत होते. नगरपालिकेचं कोएन मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं समजून नवखे लोक अंदाजपत्रक मांडतात. उलट चूकही होते: पैसे देणारी कंपनी कोएनच्या ओळीत छापली जाते आणि तो खर्च जाहिरातीचा होता हे कर अधिकाऱ्याला पटवणं अवघड होतं (प्रश्न १०).

५. कंपनीचं नाव नाटकाशी जोडणं ही अलीकडची टूम आहे ना?

अजिबात नाही. १७१८ मध्ये दुसरा इचिकावा दांजुरो या काबुकी नटाने 'उइरो' या ओदावारा शहरातल्या औषधाच्या फेरीवाल्याची भूमिका मंचावर आणली. घशाच्या दुखण्यावर त्या औषधाने गुण आला म्हणून कृतज्ञतेपोटी त्याने औषधाचे गुण सांगणारं, जीभ अडखळवणारं लांबलचक भाषण म्हटलं, आणि औषधवाल्या घराण्याने आधी नको म्हटलं होतं, असं सांगतात. जपानी निवेदक आजही उच्चार घासण्यासाठी तेच भाषण म्हणतात आणि ओदावारात ते औषध आजही विकलं जातं.

'सुकेरोकु' या नाटकात नायक कपाळाला जांभळी पट्टी बांधून उजवीकडे गाठ मारतो. ती पट्टी मासळी बाजारातल्या व्यापाऱ्यांनी नटाला भेट द्यायची रीत आहे. १८८० मध्ये शिंतोमी-झा नाट्यगृहाला लेखक कानागाकी रोबुनने पडदा भेट दिला. त्यावर चित्रकार कावानाबे क्योसाईने नटांना भुतांच्या रूपात रंगवलं. सुमारे १७ मीटर लांबीचा तो पडदा वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयाकडे आहे.

आणि अकिता प्रांतातलं कोराकुकान पाहा. कोसाका खाणीने १९१० मध्ये कामगारांच्या करमणुकीसाठी ते बांधलं. बाहेरून पाश्चात्त्य धाटणीची पांढरी लाकडी इमारत, आत मात्र प्रेक्षकांतून जाणारी 'हानामिची' ही वाट आणि फिरता रंगमंच. १९८६ मध्ये ते डागडुजी करून पुन्हा उघडलं आणि २००२ मध्ये महत्त्वाची सांस्कृतिक वास्तू ठरलं. खाणीचे दिवस सरले तरी गावाचं नाट्यगृह उभं आहे.

६. आमची कंपनी पाच माणसांची आहे. एवढ्याशा पैशांत काही होतं का?

होतं, आणि गावातल्या प्रयोगाला तेच जास्त लागतं. सर्वांत खालची पायरी 'हाना', शब्दशः फूल. पाकिटात पाच-दहा हजार येन घालून दिले की संस्थेची माणसं देणाऱ्याचं नाव ब्रशने कागदाच्या पट्टीवर लिहून भिंतीवर लावतात. गणेशोत्सव मंडळाचा वर्गणीचा फलक डोळ्यांपुढे आणा. पाकिटावरची दोरी 'चो-मुसुबी' गाठीची हवी, म्हणजे ओढली की सुटणारी. असे आनंदाचे प्रसंग पुन्हा पुन्हा यावेत हा तिचा अर्थ. न सुटणारी गाठ लग्नाला आणि दुखवट्याला असते. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेली असतात आणि घाईत हमखास चूक होते.

त्यावरची पायरी स्मरणिकेतली जाहिरात. मग 'नोबोरी', नाट्यगृहाबाहेरची उभी रंगीत निशाणं: वर नटाचं नाव, त्यामागे 'जो' हा आदरार्थी शब्द, आणि खाली देणाऱ्याचं नाव. मोठ्या कंपन्या 'काशिकिरी' करतात, म्हणजे अख्खा खेळ विकत घेतात. सगळ्यांत वर वास्तूच्या नावाचे हक्क. क्योतोच्या जुन्या सभागृहाला रोहम या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं नाव ५० वर्षांसाठी मिळालं, त्याची किंमत सुमारे ५ अब्ज येन. दर प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. छापील प्रायोजक-पत्रक मागून घ्या.

७. हे पैसे शेवटी कशावर खर्च होतात?

जिशिबाईत नट फुकट काम करतात, तरी खर्च सुटत नाही. सर्वांत जास्त पैसा टोप आणि पोशाखांच्या भाड्यात जातो. काबुकीच्या टोपाखाली तांब्याच्या पत्र्याचा साचा असतो. तो माणसाच्या डोक्याबरहुकूम ठोकून बसवायचा, मग त्यावर केस चढवायचे आणि 'तोकोयामा' म्हणजे टोपवाल्याने प्रत्येक खेळाआधी ते विंचरून, तेल लावून बांधायचे. साचा अर्धा बोट सैल राहिला तर मान झटकताना टोप सरकतो, घट्ट झाला तर दुसऱ्या अंकापर्यंत नटाचं डोकं ठणकायला लागतं. म्हणून टोपांसोबत माणूसही यावा लागतो. त्याचं मानधन, प्रवास, मुक्काम असं ते बिल वाढत जातं.

त्याखालोखाल 'काओशी' हा रंगभूषाकार, 'गिदायू' शैलीत कथा गाणारा गायक आणि शामिसेनवादक, तालमी घेणारा गुरू, नेपथ्याची वाहतूक. प्रायोजकांना पोशाख आणि पडदा आवडतो, कारण तो फोटोत दिसतो. गुरूची वर्षभराची फेरी आणि मुलांच्या तालमीची जागा कोणालाच नको असते, आणि तिथेच परंपरा तुटते. आमचं सांगणं स्पष्ट आहे: तुमच्या रकमेतला निदान अर्धा भाग प्रयोगाच्या दिवसाला नव्हे, तालमीच्या महिन्यांना द्या. शिकणाऱ्यांचा तुटवडा मोठ्या रंगभूमीलाही आहे. राष्ट्रीय बुनराकू प्रशिक्षणाला २०२३ मध्ये एकही अर्ज आला नव्हता.

८. पैशांऐवजी माल किंवा माणसं दिली तर चालतील का?

चालतील, विचारून द्या. साकेच्या गवती वेष्टनातल्या पिंपांची रास नाट्यगृहासमोर रचणं ही जुनी रीत आहे. पण पिंपं ठेवायला, उचलायला आणि नंतर परत न्यायला कोण, हे आधी ठरवा.

माणसांचं सर्वांत चांगलं उदाहरण शिकोकू बेटावरच्या कोतोहिरा गावात दिसतं. तिथलं कानामारू-झा १८३५ चं आहे आणि १९८५ पासून दर वसंतात टोकियोचे मोठे नट तिथे येतात. त्याचा रंगमंच आजही माणसांनीच फिरवायचा असतो. गावच्या व्यापारी संघटनेतले तरुण मंचाखालच्या अंधाऱ्या 'नाराकु'त वाकून खांदा लावतात. वर नट पवित्रा घेतो आणि खाली दहा पावलं एका तालात पडावी लागतात. अशा कामाला कर्मचारी पाठवायचे तर भरपगारी स्वयंसेवा-रजा द्या, विम्यात नाव घाला आणि एकच माणूस सलग सगळे दिवस पाठवा. रोज नवा माणूस गेला तर त्याला शिकवण्यात गावकऱ्यांचाच वेळ जातो.

९. सुरुवात कधी आणि कशी करायची?

निदान बारा महिने आधी. बहुतेक जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं, त्यामुळे पुढच्या वर्षाच्या रकमा हिवाळ्यातच ठरून जातात. फेब्रुवारीत विचारलं तर उत्तर येतं, 'विचार करतो'. त्याचा अर्थ नाही असा घ्यावा.

पहिली भेट 'होझोनकाई'ची, म्हणजे परंपरा जपणाऱ्या गावातल्या मंडळाची. तिथे गेल्या वर्षीचा जमाखर्च मागा. मागण्यात गैर काही नाही आणि नीट चाललेलं मंडळ तो लगेच दाखवतं. दुसरी भेट गावच्या शिक्षण मंडळाची, कारण वारसा-नोंदी बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे असतात. मग रक्कम आणि कोणत्या खर्चाला ती जाणार हे एका पानावर लिहा. करार मार्चच्या आत करा. प्रयोगाच्या सहा आठवडे आधी बोधचिन्ह आणि कंपनीचं अधिकृत नाव पाठवा. 'काबुशिकी-गाइशा' (भागभांडवली कंपनी) हे शब्द तुमच्या नावाच्या आधी येतात की नंतर, ते ठळक लिहून द्या. यातली चूक जपानमध्ये मोठी मानली जाते आणि ती सापडते ती हजार प्रती छापून झाल्यावर.

मोठ्या काबुकीचा खेळ महिन्यात साधारण २५ दिवस चालतो, नोचा मात्र बहुधा एकदाच होतो; आधी 'मोशिआवासे' ही एकच एकत्र तालीम. म्हणून नोच्या प्रायोजकाला दुसरी संधी नसते. तुमचे पाहुणे त्या दिवशी आले नाहीत, तर तो खेळ गेला.

१०. हिशेबात हे देणगी म्हणून दाखवायचं की जाहिरात म्हणून?

मोबदला काय मिळाला त्यावर ते ठरतं, पावतीवरच्या शब्दावर नाही. स्मरणिकेत जाहिरात, निशाणावर नाव, मंचावरून घोषणा असा रकमेशी जुळणारा मोबदला असेल तर तो जाहिरातखर्च, पूर्ण वजावटीचा. त्यावर १० टक्के उपभोग कर लागतो. आणि घेणारं मंडळ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या इन्व्हॉइस पद्धतीत नोंदलेलं नसेल, तर त्या कराची पूर्ण वळती मिळत नाही. गावातली मंडळं बहुधा नोंदलेली नसतात, हे आधीच विचारा.

काहीच मोबदला नसेल तर देणगी. तिला मर्यादा आहे (प्रश्न ११) आणि उपभोग कर नाही. ग्राहकांना तिकिटं देऊन खेळाला नेलं तर तो 'कोसाइही', आदरातिथ्याचा खर्च. १० कोटी येनपर्यंत भांडवल असलेल्या कंपनीला असे खर्च वर्षाला ८० लाख येनपर्यंत वजा करता येतात. त्यावरच्या भांडवलाला तिकिटांचा खर्च वजा मिळत नाही. सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खुली सहल असेल आणि खर्च वाजवी असेल, तर तो कल्याणनिधीत बसतो. एकाच करारात तिन्ही प्रकार असतील तर रक्कम फोडून लिहा. फोडली नाही तर सगळं सर्वांत वाईट खात्यात जायचा धोका असतो.

११. देणगीची वजावट किती मिळते? एक उदाहरण द्या.

समजा, भांडवल १ कोटी येन आणि देणगी वजा करण्यापूर्वीचं करपात्र उत्पन्न २ कोटी येन. साधी मर्यादा: भांडवलाचे ०.२५ टक्के (२५,०००) अधिक उत्पन्नाचे २.५ टक्के (५,००,०००), बेरजेचा चौथा हिस्सा. म्हणजे १,३१,२५० येन. नोंदणी नसलेल्या गावमंडळाला दिलेली देणगी इथे बसते.

घेणारी संस्था सार्वजनिक हिताची म्हणून मान्यता मिळालेली असेल तर वेगळी मर्यादा आहे: भांडवलाचे ०.३७५ टक्के (३७,५००) अधिक उत्पन्नाचे ६.२५ टक्के (१२,५०,०००), बेरजेचा अर्धा हिस्सा. म्हणजे ६,४३,७५० येन. म्हणूनच लहान मंडळाला द्यायचे पैसे मेसेना परिषदेसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या योजनेतून वळवता येतात का, ते पाहावं. गावच्या नगरपालिकेलाच दिलेली देणगी पूर्ण वजा होते. देणगी प्रत्यक्ष रक्कम गेल्याच्या तारखेला धरली जाते. ३१ मार्चला नुसतं वचन देऊन त्या वर्षाची वजावट मिळत नाही.

१२. कंपन्यांसाठीची फुरुसातो नोझेई योजना वापरता येईल का? ९० टक्के परत मिळतात असं ऐकलं.

ही पालिकांना देणगी देऊन करसवलत मिळवायची योजना. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २०२० पासून करबचत सुमारे ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते: साधारण ३० टक्के वजावटीतून आणि ६० टक्क्यांपर्यंत थेट करसवलतीतून. म्हणजे १० लाख दिले तर कंपनीच्या खिशातून निदान १ लाख जातात. कमीत कमी देणगी १ लाख येन आणि मुदत मार्च २०२८ पर्यंत.

पण अपवाद नीट वाचा. मुख्य कार्यालय ज्या पालिकेत आहे तिला देऊन सवलत मिळत नाही. कोतोहिरातली कंपनी कोतोहिराला देऊ शकत नाही. टोकियो प्रांत आणि महानगर पट्ट्यातल्या श्रीमंत पालिका वगळलेल्या आहेत. पैसे मंडळाला नव्हे, पालिकेच्या मान्य पुनरुज्जीवन-योजनेतल्या कामाला द्यायचे असतात. त्या योजनेत नाट्यगृह किंवा नाट्यपरंपरा नसेल तर आधी पालिकेशी बोला. मोबदल्यात आर्थिक लाभ घेता येत नाही. आभारपत्र, संकेतस्थळावर नाव चालतं. मोल असलेली तिकिटं घेऊ नका. आणि कंपनी तोट्यात असेल तर कर नाही, म्हणून सवलतही नाही.

१३. आमचं बोधचिन्ह मंचावर दिसेल का?

काबुकीत त्याची वहिवाट आहे. नटाने नवं नाव धारण केलं की त्याला भेट मिळणाऱ्या 'इवाइमाकू' पडद्याच्या कोपऱ्यात देणाऱ्याचं नाव असतं. नाट्यगृहाचा 'दोन्चो', वरून खाली येणारा विणलेला भारी पडदा, बहुधा एखाद्या कंपनीची देणगी असते. मध्यंतरात निवेदक चित्राचं नाव, चित्रकार आणि देणारी कंपनी सांगतो. क्योतोची कावाशिमा सेल्कॉन ही १८४३ पासूनची कापडकंपनी असे पडदे विणते. मोठा दोन्चो टनाच्या आसपास भरतो आणि अग्निसुरक्षा कायद्यानुसार तो आग न पकडणारा असावा लागतो. हौसेने साधं कापड छापून आणलेले पडदे टांगताच येत नाहीत.

नोच्या मंचावर मात्र काहीही लावायचं नाही. मागच्या फळीवर पाइनचं झाड असतं, तेवढंच. नाव पत्रिकेत आणि दाराशी. गिंझा सिक्स या व्यापारी संकुलाच्या तळघरात २०१७ पासून कान्झे घराण्याचं नो नाट्यगृह आहे. वर झगमगाट आणि खाली मंचावर फक्त सायप्रसचं लाकूड.

कोराकुकान किंवा कानामारू-झासारख्या संरक्षित वास्तूत एक खिळा ठोकायचा तरी सांस्कृतिक खात्याच्या परवानगीचा विचार करावा लागतो. स्वतःच्या पायावर उभा राहणारा फलक न्या.

१४. पैसे देतो तर नाटकात आमच्या उत्पादनाचा उल्लेख मागता येईल?

मागू नका. काबुकीत नट आपणहून एखादं वाक्य टाकतो, ते त्याचं कसब. करारात लिहिलं की ते मरतं. काही नवं हवं असेल तर नव्यालाच पैसे द्या. २०१६ पासूनच्या 'चो-काबुकी'त काबुकी नट नाकामुरा शिदो आणि संगणकीय गायिका हात्सुने मिकू एकत्र आले. एनटीटी या दूरसंचार कंपनीने तिथे आपलं तंत्रज्ञान वापरलं आणि शीर्षकाशेजारी नावही लावलं. जुन्या संहितेला धक्का लागला नाही. लहान कंपनीसाठी नवं क्योगेन लिहवून घेणं जास्त आवाक्यातलं आहे: दोन-तीन पात्रं, साधं नेपथ्य.

१५. एखाद्या नटाला थेट मदत केली तर?

नटाचं 'कोएनकाई', म्हणजे चाहत्यांचं मंडळ असतं, त्यातूनच जावं. रंगपटात जाऊन थेट पाकीट देणं टाळा: कंपनीला पावती मिळत नाही आणि नटाला हिशेबाचा त्रास होतो. सर्वांत उपयोगी जागा म्हणजे तरुण नटांचे स्वतःच्या हिमतीवरचे 'बेंक्योकाई', अभ्यासप्रयोग. एरवी घोळक्यात उभा राहणारा नट तिथे मोठी भूमिका करतो, आणि तोटाही त्याच्याच खिशातून जातो.

१६. करारात कोणती कलमं हवीत?

प्रयोग रद्द झाला तर काय, हे पहिलं. कोतोहिराचे वसंतातले खेळ २०२० पासून चार वर्षं झाले नाहीत आणि एप्रिल २०२४ मध्ये परतले. रद्द झाल्यास झालेला खर्च वजा करून उरलेलं पुढच्या वर्षाला न्यायचं, असं लिहिणं दोघांच्या सोयीचं. दुसरं, छायाचित्रं: पैसे दिले म्हणून नटाचा चेहरा तुमच्या जाहिरातीत वापरता येत नाही. ती परवानगी वेगळी, मुदत आणि माध्यम लिहून घ्यायची. तिसरं, गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध नसल्याचं कलम. २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत त्याचे नियम लागू झाले आहेत. मसुद्यात ते दिसलं तर अपमान वाटून घेऊ नका.

१७. मंडळाला परदेशी पाठवायचा खर्च आम्ही उचलतोय. काही अडचण?

वाद्यं आणि बाहुल्या तपासा. गिदायू शामिसेनच्या 'बाची'ला, म्हणजे तारा छेडायच्या पट्टीला, हस्तिदंत असतं, बुनराकूच्या बाहुलीच्या डोक्यातल्या पट्ट्या परंपरेने देवमाशाच्या मुखातल्या पात्यांच्या असतात. त्यांच्या ताणावर बाहुली भुवई उचलते. दोन्ही वस्तूंवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही देशांची कागदपत्रं काही महिने आधी लागतात, नाहीतर पेटी सीमाशुल्कात अडकते. पर्यायी साहित्याची बाची बरोबर ठेवावी, पण त्या बाचीवर कलाकाराला सराव करायला वेळ द्या. वजन बदललं की हात चुकतो.

१८. आमची कंपनी पुण्यात आहे. सीएसआरच्या दोन टक्क्यांतून जपानी मंडळाला पैसे देता येतील?

नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार भारताबाहेर केलेलं काम सीएसआरमध्ये धरलं जात नाही (देशाचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंचं प्रशिक्षण हा अपवाद). उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी केलेलं प्रायोजकत्वही वगळलं आहे. म्हणून नोचा प्रयोग मुंबईत आणून फलक लावायचा तर तो खर्च विपणनाच्या खात्यातून करा. जपानमधली तुमची उपकंपनी ही जपानी कंपनी आहे. ती प्रश्न १० ते १२ प्रमाणे देऊ शकते. जपानमध्ये असा सक्तीचा टक्का नाही.

१९. पहिल्या वर्षी दिलं, दुसऱ्या वर्षी जमलं नाही तर वाईट दिसेल का?

न देणं चालतं. न सांगता थांबणं चालत नाही. मंडळ पुढच्या वर्षीचे टोप आणि गुरू तुमच्या भरवशावर ठरवून बसतं. एका वर्षी ३० लाख देण्यापेक्षा तीन वर्षं दहा-दहा लाख द्या, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो: मोठ्या एकरकमी देणगीत मंडळ भव्य प्रयोग करतं, पुढच्या वर्षी तेवढं जमत नाही आणि गावालाच ते उतरल्यासारखं वाटतं. थांबायचं असेल तर सहा महिने आधी अध्यक्षांना प्रत्यक्ष भेटून सांगा, आणि शेवटच्या वर्षी रक्कम अर्धी करा, एकदम शून्य नको.

२०. प्रयोगाच्या दिवशी प्रायोजकाने काय करायचं?

वेळेआधी पोचा, दाराशी नाव सांगा, लांब भाषण करू नका. पहिल्या रांगेचा आग्रह धरू नका. तिथे नटांच्या आज्या बसतात. गावच्या जिशिबाईत 'ओहिनेरी' नक्की न्या: हातरुमालाएवढा पांढरा कागद, मधोमध दहा-वीस सुटे येन, चारही कोपरे वर घेऊन मान पिळायची, लसणाच्या गड्ड्यासारखी. नट 'मिए'त थिजला, डोळे तिरपे झाले, लाकडी ठोकळ्यांचा कडकडाट झाला की खालून हलक्या हाताने मंचाच्या कडेला टाकायची, नटाच्या अंगावर नाही. मोठं नाणं घालू नका, लागतं. काबुकी-झात किंवा नोला हे चालत नाही. खेळ संपला की लहान मुलं मंचावर धावत येऊन कागदाच्या त्या पुड्या परडीत गोळा करतात. त्यांना मदत केली तरी चालते.